नर्सबाईंची बैठक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. कुठलाही विषय बोलायला घेतला की त्याला आपल्या भाषेत किती नावं आहेत, ते आधी मोजतो. आजचा विषय बाळंतपण करणाऱ्या बाईचा. देशावर तिला सुईण म्हणतात. आमच्या कोकणी मुसलमान घरांत ती दाई. कोकण-गोव्याच्या पट्ट्यात वैजीण असाही एक देखणा शब्द आहे. मी राहतो त्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, ज्यांचा जन्म घरीच झाला अशी वयस्कर माणसं अजून भेटतात. त्यांच्या जन्माच्या वेळी वर्सोवा हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं एक गाव होतं. आता इथून मेट्रो सुटते आणि कोणत्या प्रसूतिगृहात नाव घालायचं, एवढाच प्रश्न उरतो.

मुंबई मागे टाकून खेड्यात गेलात की मात्र चौथं नाव ऐकू येतं. नर्सबाई. सरकारी कागदावर ती ए. एन. एम., म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. अलीकडे तिला आरोग्यसेविका म्हणतात. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर. आपण सगळ्यांनी तिला पाहिलेलं असतं, पण बहुधा एकटीला. दोन नर्सबाया एकमेकींशी काय बोलतात, हे ऐकलेली माणसं थोडी. मला आज त्या बोलण्याविषयीच बोलायचं आहे. कारण माझी अशी खात्री झाली आहे की परवाना एकेकटीला मिळतो, पण कसब टिकतं ते चारचौघींत.

जुन्या सुईणीला परवाना लागत नव्हता. तिचा अधिकार वयाचा असे, अनुभवाचा असे आणि पुष्कळ ठिकाणी जातीचाही असे. मूल जन्माला येणं शुभ, पण नाळ कापणं विटाळाचं, अशी आपली अजब वाटणी. म्हणून ते काम कुठे मातंग समाजातल्या बाईकडे, कुठे न्हाविणीकडे. तिला धान्य मिळे, लुगडं-खण मिळे, नारळ मिळे. मान मिळे तो पाचवी-सहावीपर्यंत. तिच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, याचा हिशेब आज सहज मांडता येतो. पोटावर हात ठेवून बाळ आडवं आहे की उभं, हे ओळखणाऱ्या बाया होत्या. रात्रभर धीर देत बसणाऱ्या होत्या. आणि नाळेला राख लावणाऱ्याही होत्या. चांगलं आणि वाईट दोन्ही सासूकडून सुनेकडे सारख्याच निष्ठेनं जात होतं. एका गावची सुईण दुसऱ्या गावच्या सुईणीला भेटून 'तू अशा वेळी काय करतेस?' असं विचारील, अशी जागाच नव्हती. त्यामुळे बाळंतीण दगावली तर कारण शोधलं जात नसे. सटवाईनं लिहिलं होतं, म्हणून गेली. विषय संपला.

परवान्याची गोष्ट इथून सुरू होते. इंग्लंडात सुईणींची संस्था १८८१ साली निघाली आणि वीस वर्षं धडपडून त्यांनी १९०२ मध्ये कायदा करून घेतला. आपल्याकडे १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकारानं दायांना शिकवण्यासाठी एक निधी उभा राहिला. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानं बायकांना नर्सचं आणि सुईणीचं शिक्षण घ्यायला घराबाहेर काढलं. त्या काळात हे शिक्षण घ्यायचं म्हणजे घरच्यांचा रोष ओढवून घ्यायचा. मुंबई इलाख्यात नर्स, सुईणी आणि आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला तो १९३५ साली. आजची महाराष्ट्र परिचर्या परिषद ही त्याच वंशातली. म्हणजे त्या वर्षापासून आपल्या मुलखात सुईण ही जात राहिली नाही, कायद्याच्या दृष्टीनं तो व्यवसाय झाला. ही साधी गोष्ट नव्हती.

आणि लक्षात घ्या, संघटनेची गरज बायकांना त्याआधीच कळली होती. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९०८ सालची. तिचं मासिक १९१० पासून निघू लागलं. तिच्या छत्राखाली १९२५ साली सुईणींची स्वतंत्र संघटना झाली. पण संघटना कागदावर असणं निराळं आणि डोंगरापलीकडच्या वाडीत एकटीनं काम करणाऱ्या बाईला तिचा आधार वाटणं निराळं. भोर समितीनं १९४६ साली देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्यात शिकलेल्या सुईणींचा आकडा आहे सुमारे ५,०००. लोकसंख्या तीस कोटींच्या घरात. म्हणजे साठ हजार माणसांमागे एक सुईण. त्यांनी एकमेकींना भेटायचं म्हटलं तरी कसं आणि कुठे?

स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकात ए. एन. एम.चा अभ्यासक्रम आला. आधी तो दोन वर्षांचा होता, १९७७मध्ये दीड वर्षाचा झाला. पुढे उपकेंद्रांचं जाळं पसरलं. सपाटीवर पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांना एक. अशी सहा उपकेंद्रं मिळून एक प्राथमिक आरोग्य केंद्र. गणित सुबक आहे. पण त्या गणितातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक बाई आहे आणि ती पहिल्या नेमणुकीच्या दिवशी जेमतेम वीस-बावीस वर्षांची असते.

माझी थोरली भाभी अशीच एक ठिपका होती. रायगड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर तिनं उमेदीची वर्षं काढली. आता निवृत्त होऊन घरी असते. मी तिला एकदा विचारलं, 'भाभी, तुला भीती कसली वाटायची? रात्रीची? रक्ताची?' ती म्हणाली, 'रक्ताची सवय होते रे. भीती वाटायची ती विचारायला कोणी नसायचं त्याची. बाई कळा देतेय, मी बघतेय, आणि मनात दोन मतं झालीत. थांबायचं की हलवायचं? तेव्हा माझ्यासारखीच एक बाजूला हवी असायची. डॉक्टर नसला तरी चालेल.'

या दोन मतांमध्ये काय काय अडकलेलं असतं, ते समजून घेऊ या. मूल जन्मल्यावर गर्भाशय आवळून घट्ट व्हावं लागतं. ते सैल राहिलं तर रक्तस्राव थांबत नाही आणि धडधाकट बाई दोन-चार तासांत संपू शकते. २००१ ते २००३ या काळातल्या पाहणीत देशातल्या मातामृत्यूंपैकी ३८ टक्के मृत्यू रक्तस्रावानं झालेले होते. यावर उपाय काही फार अवघड नाहीत. वेळेवर एक इंजेक्शन, पोटावरून गर्भाशय चोळणं, वार ओढून न काढणं आणि गाडी बोलावणं. हे पुस्तकात सगळ्याच शिकतात. पण नेमक्या त्या क्षणी हात थरथरू नये, हे पुस्तकात शिकवता येत नाही. ते शिकवते जिचा हात पूर्वी थरथरला होता, ती.

ही भेट कुठे व्हायची? महिन्याच्या सभेला. प्राथमिक आरोग्य केंद्रावर महिन्यातून एकदा सगळ्या नर्सबायांना बोलावतात. सरकारी कामकाज म्हणाल तर रुक्षच. लसीकरण किती झालं, कुटुंबकल्याणाचं उद्दिष्ट किती गाठलं, गोळ्यांचा साठा किती, कुणाच्या रजिस्टरात खाडाखोड आहे. भाभी सांगते, सकाळी बोलणी खायची आणि दुपारी डबा खायचा. पण खरी सभा भरायची ती डब्याच्या वेळी. केंद्राच्या मागच्या व्हरांड्यात सतरंजी पसरायची. भाकरी, सुकट, कुणाची उसळ, कुणाचं लोणचं. आणि मग केसा निघायच्या. 'माझ्याकडं एक आलेली, तिची वार तासभर सुटेना.' 'मग तू काय केलंस?' 'ओढलीस तर नाही ना?'

एकदा तिथं एका जुन्या बाईंनी सांगितलं होतं की गरोदर बाईचे पाय सुजले असतील आणि त्यातच ती डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतायत असं म्हणाली, तर उद्यावर ढकलायचं नाही. रक्तदाब मोजायचा आणि त्याच दिवशी पाठवायचं. हे अभ्यासक्रमात होतंच. पण भाभी म्हणते, पुस्तकातली 'लक्षणं' मी परीक्षेनंतर विसरले, त्या बाईंचे 'काजवे' नाही विसरले. पुढच्याच महिन्यात वाडीवरच्या एका मुलीनं नेमका तोच शब्द उच्चारला. भाभीनं घरच्यांचं काही ऐकलं नाही, ट्रक थांबवून तिला तालुक्याला नेलं. ती बाई आणि तिचा मुलगा दोघं आहेत. मुलगा आता रिक्षा चालवतो.

त्या सतरंजीवर वैद्यकाशिवायही पुष्कळ काही शिकता यायचं. सासूला कसं वळवायचं. कोणत्या गावचा जीपवाला रात्री दार उघडतो आणि कोणता ऐकू आलं तरी झोपेचं सोंग घेतो. सरपंचाच्या घरी चहा प्यावा की नाही. एकटीच्या क्वार्टरला कडी कशी बसवून घ्यायची. कुणाच्या घरी आजारपण असलं तर शेजारच्या उपकेंद्राची बाई तिची गावं सांभाळायची. वरून हुकूम नसायचा, पण चुकायचंही नाही. त्यात मराठा होत्या, बौद्ध होत्या, कातकरी वस्तीवर काम करणाऱ्या होत्या आणि माझी कोकणी मुसलमान भाभी होती. जे काम एके काळी विटाळाचं म्हणून एका जातीच्या पदरात टाकलं होतं, ते करणाऱ्या सगळ्या जातींच्या बाया एका सतरंजीवर एकमेकींच्या डब्यातलं खात होत्या. यावर कुणी अहवाल लिहिला नाही.

मी हे इतकं ठासून सांगतो, कारण एकटेपणाची चव मीही घेतलेली आहे. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान पोराला आपण जगावेगळे आहोत असं वाटत असे. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा माझं बी. ए. नुकतंच आटोपलं होतं. आपल्यासारखे इतके जण आहेत, हे त्या निमित्तानं कळलं. त्यामुळे माझी कविता एका रात्रीत सुधारली नाही. पण ती कुणाला दाखवायची, हे कळलं. कवीची एक ओळ बिघडली तर फार तर कविता पडते. सुईणीचं तसं नसतं.

महाराष्ट्रात दोन ठिकाणी ही सोबतीची ताकद जाणूनबुजून कामाला लावली गेली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये नगर जिल्ह्यात जामखेडला काम सुरू केलं. गावानं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. एकदा शिकवून त्यांना सोडून दिलं नाही. त्या पुन्हा पुन्हा जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, आपापल्या गावचे अनुभव सांगत आणि परत जात. दुसरं ठिकाण गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावच्या दाया आणि आरोग्यदूत बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. या बायांकडे परवाना नव्हता. शिक्षण होतं, देखरेख होती आणि एकमेकींची संगत होती. मग जिच्याकडे परवानाही आहे, तिला ही संगत मिळाली तर काय होईल?

याचंही उदाहरण आहे, पण ते दूरचं आहे. अमेरिकेत केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात मेरी ब्रेकिनरिज नावाच्या बाईनं १९२५मध्ये परिचारिका-सुईणींची सेवा सुरू केली. रस्ते नव्हते, म्हणून या बाया घोड्यावरून बाळंतपणाला जात. त्यांची ठाणी डोंगरात विखुरलेली. चार वर्षांनी, १९२९ साली, त्यांनी आपली संघटना केली. घोड्यावरून फिरणाऱ्या मूठभर बायांची ती संघटना पुढे देशभरच्या परिचारिका-सुईणींची झाली.

आता आजचं बोलू. बातमी आनंदाची आहे. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ६४.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१च्या पाहणीत ती ९४.७ टक्के झाली. २००१-०३मध्ये राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८-२०मध्ये हा आकडा ३३वर आला. या उताराच्या प्रत्येक पायरीवर नर्सबाई आणि तिच्या जोडीची आशाताई उभी आहे. गरोदर बाईचं नाव नोंदवणं, गोळ्या देणं, घरच्यांना तयार करणं, रात्री गाडीत बसवणं, हे त्यांनी केलं.

पण याच आनंदात एक खोट दडलेली आहे. बाळंतपणं मोठ्या दवाखान्यात गेली आणि नर्सबाईच्या हातातून बाळंतपण गेलं. तिच्या पदनामात प्रसाविका आहे, पण दिवस जातो लसीकरणात, सर्वेक्षणात आणि रजिस्टरं भरण्यात. महिनोन् महिने एकही बाळंतपण न करणारी प्रसाविका कुठे ना कुठे सापडतेच. कसबाचं असं आहे की ते पेटीत ठेवून टिकत नाही. आणि दुसरीकडे राज्यातल्या दर चार बाळंतपणांमागे एक शस्त्रक्रियेनं होतं. सिझेरियननं जीव वाचतात, याबद्दल वाद नाही. पण सरळ होणाऱ्या बाळंतपणाला सर्जन लागत नाही. त्याला लागते थांबायचं कसं आणि थांबायचं नाही कधी, हे जाणणारी बाई.

सरकारलाही हे उमगलं आहे. २०१८च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं सुईणसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. परिचारिकांना दीड वर्षाचं जादा शिक्षण देऊन स्वतंत्रपणे बाळंतपण सांभाळणाऱ्या प्रसाविका तयार करायच्या, असं त्यात ठरलं. २०२३मध्ये १९४७चा जुना परिचर्या परिषद कायदा बदलण्यासाठी नवा कायदा झाला आणि त्याच्या नावातच परिचर्येच्या जोडीला प्रसूतिसेवा आली. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं इतर संस्थांबरोबर २०२१मध्ये काढलेल्या अहवालाचं म्हणणं असं की माता आणि नवजात बालकांच्या आवश्यक सेवेपैकी जवळजवळ ९० टक्के सेवा नीट शिकलेल्या सुईणी देऊ शकतात. म्हणजे परवाना पुन्हा येतो आहे, आणि चांगला येतो आहे. मला काळजी आहे ती सतरंजीची.

कारण सतरंजी आपोआप राहत नाही. एकाच उपकेंद्रावर एक बाई कायम आणि दुसरी कंत्राटी असते. काम सारखं, पगार वेगळा. कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांनी २०२३च्या अखेरीस राज्यभर संप केला, तो याच दुखण्यापायी. पोटाची भांडणं संघटनेनं भांडायलाच हवीत. पण पगारवाढीच्या सभेत वार न सुटल्याची केस निघत नाही. त्यासाठी वेगळी बैठक लागते. कुणी म्हणेल, हल्ली मोबाईल आहे, सल्ला लगेच मिळतो. मिळतो की. पण मोबाईलवर फोटो पाठवता येतो, हात दाखवता येत नाही. शिवाय लेखी विचारायचं तर आपलं अज्ञान लेखी होतं, म्हणून नवी मुलगी विचारीतच नाही. डबा खाताना ती विचारते.

मग काय करावं? मी डॉक्टर नाही, अधिकारी नाही. भाभीला विचारलं, तिनं तीन गोष्टी सांगितल्या. महिन्याच्या सभेतला एक तास आकड्यांना बंदी असावी. त्या तासात फक्त केसा बोलल्या जाव्यात आणि त्यावरून कुणाला नोटीस मिळू नये. दुसरं, प्रत्येक नर्सबाईला वर्षातून काही दिवस जिथं बाळंतपणं होतात अशा दवाखान्यात पाळीनं पाठवावं, म्हणजे हात विसरणार नाही. तिसरं, नवी मुलगी पहिले काही महिने जुन्या बाईच्या हाताखाली राहावी आणि मगच एकटी जावी. यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही.

यात चौथी गोष्ट आपली, म्हणजे तुमची आणि माझी. ग्रामसभेत रस्ता, पाणी, दिवे यांवर आपण हात वर करून विचारतो. आमच्या उपकेंद्राच्या बाई या महिन्यात त्यांच्या बैठकीला गेल्या होत्या का, आणि त्या गेल्या तेव्हा त्यांची कामं कुणी सांभाळली, हे मात्र कुणी विचारीत नाही. उलट त्या दिवशी उपकेंद्राला कुलूप दिसलं की 'बाई गावाला गेल्या' म्हणून तक्रार होते. पुढच्या वेळी कुलूप दिसलं तर जरा चौकशी करा. कदाचित त्या तालुक्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका बाईकडून असं काही ऐकत असतील, जे उद्या तुमच्या घरातल्या लेकीच्या, सुनेच्या उपयोगी पडणार आहे.